सीव्हीटीचं ऑइल बदललं, त्याची गोष्ट

कात्रजच्या जुन्या घाटात ट्रकच्या मागे हळूहळू चढत होते. ॲक्सिलरेटर जरा दाबला की गाडी थरथरायची. रस्ताच खराब असेल, म्हणून सोडून दिलं. मग सिंहगड रोडच्या सिग्नलवरही तेच सुरू झालं. माझी गाडी सीव्हीटी, म्हणजे एका प्रकारच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची. ६२ हजार किलोमीटर चाललेली आणि गिअरबॉक्सचं ऑइल एकदाही बदललेलं नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये दर वेळी विचारायचे, उत्तर ठरलेलं: "मॅडम, ते लाइफटाइम असतं." याचा मला अजून राग येतो, कारण घाट आणि ट्रॅफिकमधल्या वापरासाठी ते बदलायचं किलोमीटर माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये छापलेलं होतं. मीच ते पान फार उशिरा उघडलं.

शेवटी नाना पेठेतल्या मेकॅनिककाकांकडे गेले. ते म्हणाले, "ताई, स्कूटरचा बेल्ट बदलताना बघितलाय ना? हे तेच." सीव्हीटी चालते कशी, ते तिथे मला पहिल्यांदा नीट कळलं. दोन पुल्या, मधे पट्टा. पुलीच्या तबकड्या जवळ आल्या की पट्टा वर चढतो, लांब गेल्या की आत उतरतो. पहिला-दुसरा असे गिअर नाहीतच. स्कूटरचा पट्टा रबरी आणि कोरडा, माझ्या गाडीतला मात्र पोलादी, शेकडो चपट्या तुकड्यांचा, तेलात चालणारा. तबकड्या दाबून धरतं तेही तेलाचंच प्रेशर. म्हणजे या तेलाने धातूची झीज थांबवायची, पण पट्ट्याची पकड सुटू द्यायची नाही. म्हणून साधं एटीएफ, म्हणजे नेहमीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, इथे चालत नाही. मॅन्युअलमधलाच ग्रेड लागतो. पट्टा घसरला तर पुलीवर ओरखडे पडतात आणि मग खर्च थेट गिअरबॉक्सचा.

जुनं ऑइल काळपट निघालं. गिअरबॉक्सच्या तळाच्या ट्रेमधल्या मॅग्नेटवर राखाडी लेप होता. काकांनी तो बोटांत चोळून पाहिला. बारीक भुकटी चालते, कण टोचले तर काळजी. निघालं तेवढंच मोजून नवं भरलं. टॉर्क कन्व्हर्टरमधलं (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) जुनं आतच राहतं, म्हणून महिन्याने पुन्हा एकदा बदललं. ऑइलची लेव्हल बघायला सर्वांत जास्त वेळ गेला: गाडी सपाट जागी, इंजिन चालू, लिव्हर प्रत्येक जागी फिरवून, स्कॅनरवर ऑइलचं तापमान बघत. ठरलेल्या तापमानाला ओव्हरफ्लोचा बोल्ट उघडला, धार तुटून थेंब पडायला लागले, तेव्हा तो बंद केला. घाई करणाऱ्याकडे हे काम देऊ नका.

पहिल्या वेळी थरथर कमी झाली, दुसऱ्यानंतर गेली. आता चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर धरून ठेवत नाही, ब्रेकवर ठेवते. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय रिव्हर्सवरून 'डी'वर येत नाही.

परवा धाकटा भाऊ अशीच सीव्हीटी गाडी सेकंडहँड बघायला बाणेरला गेला. त्याला म्हटलं, रंग-टायर नंतर बघ, आधी गिअरबॉक्स ऑइलचं बिल माग.