भाव्यांनी, भाव्यांना, भाव्यांचं: नावांच्या खुणा, नोंद ३

सांगलीच्या रंगभूमीवरची माझी वेबपानं नऊ झालीत. रविवारी ठरवलं, माणसांच्या नावांना एच-कार्ड, म्हणजे 'हा माणूस आहे' असं यंत्राला सांगणारी एचटीएमएलमधली खूण, लावून टाकू. काम किरकोळ वाटलं: नावाभोवती स्पॅन टॅग, त्याला क्लास, की झालं. '१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत सीतास्वयंवर केलं' हे पहिलंच वाक्य पार्सरला, म्हणजे या खुणा वाचणाऱ्या प्रोग्रॅमला, दिलं. त्यानं नाव सांगितलं 'विष्णुदास भाव्यांनी'.

इंग्रजी उदाहरणांत ही भानगड नाही, तिथं नाव जागचं हलत नाही. आपल्याकडं प्रत्यय चिकटतो आणि वर सामान्यरूपही होतं. खाली 'भाव्यांना' होतं, त्याच्याखाली 'भाव्यांचं'. एका माणसाची तीन माणसं झाली.

मग जरा शहाणपणा केला. नाटककार देवलांच्या 'देवलांनी'मध्ये 'देवल' झाल्यावर टॅग बंद, 'ांनी' बाहेर. नाव ठळक केलं तर काना ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेला. आणि भाव्यांना तसं तोडलं तर उरतं 'भाव्य'. असं आडनाव सांगलीत तरी कुणाचं नाही.

ॲबर टॅगचं टायटल पार्सर वाचतो खरं, पण तो टॅग संक्षेपांसाठी आहे, शिवाय ब्राउझर खाली ठिपक्यांची रेघ मारतो. शेवटी डेटा टॅग घेतला. व्हॅल्यूत 'विष्णुदास भावे', आत वाचणाऱ्यासाठी 'विष्णुदास भाव्यांनी'. पी-नेम ही नावाची खूण या डेटाला, एच-कार्ड बाहेरच्या लिंकला. लिंकचा पत्ता पार्सर आपसूक यूआरएल म्हणून उचलतो. पानावर काडीचा फरक दिसत नाही.

एवढं करूनही अप्पासाहेबांनी घोळ घातलाच. भाव्यांना नाटक करायला लावणारे सांगलीचे राजे चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन १८५१ मध्ये वारले. १९०३ मध्ये गादीवर आले तेही चिंतामणराव, तेही अप्पासाहेब! व्हॅल्यू कितीही शुद्ध लिहा, दोघांची एकच. माझ्या यादीत महाराज शंभर वर्षांवर राज्य करत होते. आता दोघांना स्वतंत्र पान दिलंय आणि माणूस ओळखायचा तो नावावरून नाही, पानाच्या पत्त्यावरून.

एकूण ४१ उल्लेख, १७ उरकले. बालगंधर्व कुठं 'नारायणराव' आहेत, कुठं 'राजहंसांचा'. त्यांच्या पानावर पी-निकनेम, म्हणजे टोपणनावाची खूण, टाकलाय, बाकीच्या जागा येत्या रविवारी. हरिपूरच्या देवलांचं तुटलेलं 'ांनी' मात्र आजच जोडून घेतलं.