मिस्टर वाई

धारवाडच्या लॉजवर नाव लिहायला मी पेन उचललं, तेवढ्यात काउंटरवरच्या काकांनी रजिस्टर स्वतःकडे ओढून घेतलं. "तुम्ही सांगा री, मी लिहितो." मी 'वाईकर' म्हणून सांगितलं. त्यांनी इंग्रजी अक्षरांत सावकाश 'वाई' एवढंच लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. मला वाटलं, उरलेलं नंतर लिहितील. पण त्यांच्या दृष्टीने नाव पुरं झालं होतं. संध्याकाळी चहा घेऊन आलेल्या पोऱ्याने दारावर टकटक करून हाक मारली, "मिस्टर वाई!" मला ते 'मिस्टर वाय' असं ऐकू आलं. दोन दिवस मी बीजगणितातला अज्ञात राशी होऊन राहिलो.

पहिल्यांदा जरा राग आला. 'कर' म्हणजे काय मागे लोंबणारी शेपटी आहे की कुणीही कापावी? शाळेत वर्गात सात 'कर' होते. हजेरी घेताना बाईंना दम लागायचा. पण चहा पिता पिता लक्षात आलं की काकांनी काहीच कापलेलं नव्हतं. त्यांनी माझं आडनाव त्यांच्या पद्धतीने पूर्ण केलं होतं. या भागात आडनाव म्हणजे गाव. पुढे-मागे काही नाही, नुसतं गाव.

मल्लिकार्जुन मन्सूर हे नाव मी लहानपणी रेडिओवर ऐकलं, तेव्हा हे मन्सूर काहीतरी अरबी घराणं असेल असं समजून बसलो होतो. बरीच वर्षं तसंच समजत होतो, लाज वाटून कुणाला विचारलंही नाही. धारवाडजवळ मनसूर नावाचं खेडं आहे. 31 डिसेंबर 1910 ला ते तिथे जन्मले आणि त्या खेड्याचं नाव त्यांनी जन्मभर गळ्यात घेऊन मिरवलं. मिरजेला नीलकंठबुवांकडे तालीम, मग अल्लादियाखाँसाहेबांचे चिरंजीव मंजीखाँ आणि भूर्जीखाँ यांच्याकडून जयपूर घराण्याचे अनवट राग. असा माणूस आमच्याकडे जन्मला असता तर मन्सूरकरबुवा झाला असता. गाव शेपटीच्या आड गेलं असतं. इथे मैफिलीच्या जाहिरातीत खेडंच छापून यायचं. धारवाडमध्ये त्यांच्या 'मृत्युंजय' या घरात आता स्मारक आहे.

गायिका गंगूबाई हनगल यांची गोष्ट आणखी गमतीची. 1913 मध्ये जन्म धारवाडात, संसार आणि सगळं आयुष्य हुबळीत, आणि आडनावात हनगल. घराणं तिथलं, एवढाच हनगलचा संबंध. म्हणजे बाईंच्या नावातलं गाव हे त्यांच्या राहण्याचं गाव नव्हतं. माझं वाईशी जेवढं नातं, साधारण तेवढंच. माझे पणजोबा वाई सोडून गेले. आज तिथे आमची ओळख विचारली तर घाटावरचा ढोल्या गणपतीसुद्धा खांदे उडवेल.

गंगूबाईंचे गुरू सवाई गंधर्व. त्यांच्या नावाचा प्रवास म्हणजे तर अख्खी रेल्वेची वेळापत्रकं. मूळ आडनाव सौंशी, हे कुंदगोळ तालुक्यातलं गाव. राहणं कुंदगोळचं. मराठी रंगभूमीवर आले तेव्हा रामभाऊ कुंदगोळकर झाले. 'कर' लागला तो आपल्या बाजूने, हे उघड आहे. मग सवाई गंधर्व हा किताब आला आणि त्याने सौंशी, कुंदगोळ, 'कर', सगळंच पुसून टाकलं. पुण्यात डिसेंबरात महोत्सवाच्या तिकिटांसाठी रांगा लागतात. त्या रांगेतल्या किती जणांना ठाऊक असेल की हे गंधर्व मूळचे हुबळीजवळच्या एका लहानशा स्टेशनाच्या गावचे? गंगूबाई हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला शिकायला जायच्या. भीमसेन जोशी तर तिथेच राहून शिकले, गुरूच्या घरी पाणी भरून. पाणी भरणं आणि षड्ज लावणं या दोन्ही गोष्टींत पाठीचा कणा ताठ लागतो, असं एका तबलजींनी मला सांगितलं होतं. खरं-खोटं तबलजी जाणोत.

भीमसेन यांच्या नावात गाव नाही. जोशी हे कामाचं नाव. जन्म 1922 मध्ये रोणचा. तेव्हा रोण धारवाड जिल्ह्यात होतं. 1997 मध्ये जिल्हा फुटला, गदग आणि हावेरी वेगळे झाले, रोण गदगमध्ये गेलं. हनगल गेलं हावेरीत. मग आता 'जिल्ह्यातली नामवंत माणसं' अशी यादी करायची झाली की तंटा उभा राहतो. भीमसेन धारवाडचे की गदगचे? कानडी कवी व्ही. के. गोकाक जन्मले सावणूरला, तेही आता हावेरीत, आणि आडनावातलं गोकाक तर बेळगाव जिल्ह्यात. यादी करणाऱ्या कारकुनाने काय करावं? माणसांना जिल्हा ओढून नेता येतो, आडनाव मात्र जिथल्या तिथे राहतं. सरकारने रेघ कुठे मारायची ती मारावी.

मुळात 1956 पर्यंत हा सगळा मुलूख मुंबई राज्यातच होता. म्हणून तर इथल्या म्हाताऱ्या माणसांचं मराठी ऐकताना कान टवकारतात. व्याकरण आपलं, हेल कानडी, आणि वाक्याच्या शेवटी तो 'री'. बर्री, म्हणजे या. कुंड्री, म्हणजे बसा. रिक्षावालासुद्धा 'याव ऊर्री?' म्हणजे 'कुठलं गाव हो?' असं मान तिरकी करून विचारतो. आपण नावाला शेपूट लावतो, ते वाक्याला लावतात. आपल्या शेपटीतून पत्ता कळतो, त्यांच्या शेपटीतून अदब. कुणाचं जास्त कामाचं, यावर मी त्या चहाच्या पोऱ्याशी वाद घालणार होतो, पण त्याला अजून सहा खोल्या करायच्या होत्या.

साधनकेरीचं तळं बघायला गेलो ते द. रा. बेंद्रे यांच्यासाठी. घरात मराठी, कविता कानडीत, आणि तीही धारवाडच्या बोलीतल्या कानडीत. 'अंबिकातनयदत्त' हे टोपणनाव. अंबिका म्हणजे आई, म्हणजे नावात ना गाव ना बाप, थेट आईचा मुलगा दत्त. सोलापूरच्या दयानंद कॉलेजात बारा वर्षं कानडी शिकवलं, परत धारवाडला आले, 1973 चं ज्ञानपीठ मिळालं. तळ्याच्या काठावर एक बाई कपडे आपटत होती. तिला विचारलं, बेंद्रे यांचं घर कुठे? तिने ओल्या हातानेच दाखवलं. कवीचं घर विचारल्यावर हात लगेच वर जातो, असं गाव माझ्या फारसं बघण्यात नाही.

आणि मग जी.ए. कुलकर्णी. मराठीतला कथाकार, इथल्या कॉलेजात कित्येक वर्षं इंग्रजी शिकवत बसला. हेही कामाचं आडनाव, शिवाय इतकं सार्वत्रिक की त्यावरून माणूस ओळखताच येणार नाही. म्हणून मराठी वाचकाने ते टाकून दिलं आणि नुसती दोन अक्षरं ठेवली. धारवाडचे लोक गावाने ओळखले जातात आणि इथे येऊन राहिलेला आपला माणूस अद्याक्षरांनी. तो गर्दीपासून लांब राहायचा, त्याला ते सोयीचंच पडलं असेल. नाटककार गिरीश कार्नाड यांच्याबाबत तर फारच घोळ. जन्म माथेरानचा, बालपण शिरसीचं आणि धारवाडचं, आणि कार्नाड हे गाव तिकडे मुल्कीजवळ समुद्राकाठी. त्यांचं 'ययाति' नाटक 1961 मध्ये छापलं ते मात्र धारवाडच्या मनोहर ग्रंथमालेनेच.

पेढा आणायचा होताच. लाईन बाजारात गेलो. हा पेढा आपल्या पांढऱ्या केशरी पेढ्याचा भाऊ नव्हे. खवा इतका भाजतात की तो तपकिरी होतो, रवाळ होतो, आणि वरून पिठीसाखरेत लोळतो. बोटाला साखर चिकटते, ती झटकावीशी वाटत नाही. करणारे ठाकूर उत्तर प्रदेशातल्या उन्नावहून इथे आले. पण पेढ्याला उन्नावचं नाव काही चिकटलं नाही. तो धारवाडी झाला. खणही धारवाडी, म्हैसही धारवाडी. वस्तूला आणि जनावराला आपण 'ई' लावतो, 'कर' फक्त माणसाला. धारवाडकर म्हैस असं म्हणून बघा.

निघायच्या सकाळी काका बिल करत होते. मागे भिंतीवर त्यांचं नाव लिहिलेली पाटी होती, ती मी दोन दिवसांत पहिल्यांदाच वाचली. आडनाव ब्याळी. मी म्हटलं, हे कुठलं गाव? ते हसले. "गाव नाही री. ब्याळी म्हणजे डाळ." मग बोटांवर मोजत त्यांनी शेजारपाजारची आडनावं सांगितली. अक्की म्हणजे तांदूळ, उप्पिन म्हणजे मीठ, बेल्लद म्हणजे गूळ, उळ्ळागड्डी म्हणजे कांदा, मेणसिनकाई म्हणजे मिरची. पूर्वी कुणाचा कसला व्यापार होता, ते चिकटून बसलं. चार शेजारी एकत्र आले तर आमटी होईल, एवढी सामग्री.

"मराठीत तुम्हाला डाळकर म्हटलं असतं," मी म्हणालो.

काकांनी दोनदा मनाशी म्हणून बघितलं. डाळकर. डाळकर. मग चष्मा कपाळावर चढवून बिल माझ्यापुढे सरकवलं. वर लिहिलं होतं, वाई, एक खोली, दोन दिवस.

"नको री," ते म्हणाले, "डाळच बरी."