मरळ मेली म्हणून

कोल्हापूरच्या कसबा बावड्याजवळ, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याखालच्या डोहात मी एकट्याने मासेमारी करतो. पत्र्याची अरुंद नाव, एक वल्हं आणि फासाची जाळी, एवढाच संसार. दोघं असले की एकजण नाव धरतो, दुसरा जाळं ओढतो. एकट्याला ते जमत नाही. गुडघे टेकून बसायचं, नावेचं नाक जाळ्याकडे करायचं आणि नाकावरूनच ओढून घ्यायचं. बाजूने ओढलं आणि मोठा मासा उसळला की नाव कलंडते. जाळी संध्याकाळी पसरायची, उजाडायच्या आत काढायची.

एप्रिलमधली पहाट होती. बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, लावलेले, नदीला धार अशी नाहीच. काठावर उतरलो तोच नाकात वास शिरला. विजेरी मारली तर झिंगे आणि खेकडे पाण्याबाहेर दगडांवर चढून बसलेले. पाण्यावर जिकडे तिकडे तोंडं. मृगळ हा तळाशी चरणारा मासा, तोसुद्धा वर येऊन तोंड वासत होता. वाम काठाला लागली होती. वल्हं आपटलं तरी कुणी बुजेना.

पाण्यातला प्राणवायू पहाटे सगळ्यात कमी असतो. दिवसा उन्हात शेवाळ तो तयार करतं, रात्री शेवाळही तोच वापरतं. त्यात वरून घाण उतरली की ती कुजवताना जिवाणू उरलासुरला संपवतात. लिटरमागे पाच मिलिग्रॅमच्या खाली गेला की राहू-कटल्यावर ताण येतो, दोनच्याही खाली गेला तर त्यांचं जगणंच अवघड. म्हणून सगळे मासे बंधाऱ्याच्या पायथ्याशी गोळा झाले होते. बरग्यांच्या फटींतून पाणी खाली पडतं, त्यात हवा मिसळते.

माणसंही तिथंच जमली होती. साड्या, बुट्ट्या, पोती, जे हाताला लागेल ते घेऊन. एकाने हाक मारली, "मामा, नाव हिकडं आणा की! मधलं मोठं कटलं आपसूक घावतील."

खरंच घावले असते. दोन-चार महिन्यांची कमाई समोर तरंगत होती. पण नुसता श्वास कोंडलाय की पाण्यात विष आहे, हे मला आधी बघायचं होतं. त्याला माझ्याकडे एकच खूण आहे, मरळ. मरळ वर येऊन थेट हवेतला श्वास घेते. पाणी कितीही कोंदलं तरी ती तगते, ओल्या चिखलातही काही काळ जगते. नुसता प्राणवायू संपला असेल तर बाकीचे मरतील, मरळ मरणार नाही.

जाळं ओढलं. जड आलं. त्यात एक मरळ मेलेली होती, पण तिच्यावरून काही ठरवता येत नाही. फासात अडकलेल्या मरळीला वर येता येत नाही, ती पाण्यात राहून गुदमरते. म्हणून जाळं नावेत घेतलं आणि पलीकडच्या लव्हाळ्यात शिरलो. तिथं दोन मरळी उताण्या पडलेल्या, अंगावर फासाची खूण नाही. जवळच बोटभर पिल्लंही मेलेली. वायू संपतो तेव्हा बहुतेक मोठे मासे आधी जातात. इथं लहान-मोठे एकदमच गेले होते. माझे हात गार पडले. त्याच नदीचं पाणी खालच्या गावांत पिकाला आणि जनावरांना जातं.

नाव पायथ्याशी नेली आणि ओरडून सांगितलं, "खाऊ नगासा हे मासं, विकू तर अजिबात नगासा. मरळ मेलीया!"

"जित्तं हाईत की मामा!"

"जित्तं हाईत म्हणून चांगलं हाईत असं न्हाई. पोराबाळांच्या ताटात घालणार हाईसा."

काहींनी पोती रिकामी केली. काही तशीच घेऊन गेले. त्यांना अडवायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. माझ्या जाळ्यातला माल मी काठापासून लांब खड्डा करून पुरला. गिऱ्हाइकाचा फोन आला होता, त्याला आज मासा नाही एवढंच सांगितलं. लव्हाळ्यातल्या मरळी तेवढ्या बर्फाच्या पेटीत ठेवल्या.

दुपारी पाण्याचे नमुने घ्यायला सरकारी कार्यालयातून माणसं आली. तोवर ऊन तापलं होतं, शेवाळाने पुन्हा वायू सोडायला सुरुवात केली होती आणि पहाटेचं काळं पाणी बरंच खाली सरकलं होतं. त्यांनी काठावरून बाटली बुडवायला घेतली. मी म्हटलं, साहेब, काठाचं पाणी वेगळं असतं, मधलं घ्या. नावेत दुसरा माणूस बसवणं धोक्याचं, म्हणून मी सांगितलं तसा त्यांच्यातला एकजण काठावरच्या खडकाच्या टोकाशी गेला आणि तिथल्या खोल पाण्यातून नमुना घेतला.

पंचनाम्यात "मासे मृतावस्थेत आढळले" एवढंच लिहिलं होतं. मी पेटी उघडून दाखवली आणि सांगितलं की मरळ वेगळी लिहा, जाळ्याबाहेर सापडली हेही लिहा आणि ती तपासणीला घेऊन जा. साहेबाने कारण विचारलं. मी वर लिहिलंय ते सगळं त्याला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, ती ओळ भरली आणि मरळी बर्फासकट नेल्या. ओळ वाचून घेतल्यावर मी सही केली.