कुलर बंद करून ऐका

धुळ्यात मे महिन्यात स्पीकरची तुलना करायला बसू नये. हे कुणी आधी सांगितलं असतं तरी मी बसलोच असतो, तो भाग वेगळा.

झालं असं, की भाचा पुण्याहून सुट्टीला आला तो सॅकमध्ये दोन काळे गोळे घेऊन. 'मामा, क्रिएटिव्ह पेबल,' म्हणाला. मुठीपेक्षा जरा मोठा एकेक गोळा, आत सव्वादोन इंचाचा स्पीकर, आणि तोही 45 अंशांत वर तोंड करून बसलेला. दोन्ही मिळून ताकद 4.4 वॉट. मला हसूच आलं. माझा टू पॉइंट वन आग्रा रोडवरून घेतल्याला आता दहा वर्षं झाली. टेबलावर दोन छोटे, खाली पायाशी लाकडी डबा, आणि खोक्यावर 'पीएमपीओ' असं लिहून पुढे चार आकडी वॉट. तेवढ्या वॉटात आमच्या मळ्यातली तीन हॉर्सपॉवरची मोटर पाणी उपसते. डब्याच्या मागच्या पट्टीवर बारीक अक्षरात 40 वॉट लिहिलंय, ते मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा भाच्याच्या बोटामागून वाचलं. पीएमपीओला कसलंही ठरलेलं माप नाही, ज्याच्या मनाला येईल तो आकडा तो छापतो. बघायचा असतो तो आरएमएस, म्हणजे स्पीकर सतत देऊ शकतो ती खरी ताकद.

तरी पहिली फेरी मीच जिंकलो. तबल्याचं एक जुनं रेकॉर्डिंग लावलं, तर माझ्या डब्यातून डग्गा असा काही घुमला की मागच्या फळीवरचा शेवेचा डबा किणकिणायला लागला. त्याचे गोळे त्यापुढे पोपटासारखे. भाच्याने शांतपणे मोबाइलवर आवाज मोजायचं अॅप उघडलं. माझा आवाज त्याच्यापेक्षा बराच मोठा होता, एवढंच निघालं. जो मोठा वाजतो तो कानाला चांगलाच वाटतो, आणि दुकानदार नेमकं हेच करतो. जो खपवायचा त्याचं बटण एक गिरकी जास्त. शिवाय हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी 1933 मध्येच हे मोजून, आलेख काढून ठेवलंय. म्हणजे बारीक आवाजातला चांगला स्पीकर मोठ्या आवाजातल्या सुमार स्पीकरपुढे आधीच हरलेला असतो.

मग दोन्ही सारख्या आवाजावर आणायचे ठरले. तिथे कुलर आडवा आला.

आमचा कुलर खिडकीत. पत्र्याचा, तीन बाजूंना गवत, आत पाण्याची छोटी मोटर. तो चालू असताना काहीही न लावता अॅप 62 डेसिबल दाखवत होतं. त्या घरघरीत तंबोरा बुडाला, डग्ग्याचा घुमार बुडाला, वर राहिली फक्त तबल्याची चाट. अशा खोलीत कुठलाही स्पीकर कुठल्याही स्पीकरइतकाच चांगला. तेव्हा कुलर बंद केला. दुपारचे तीन, बाहेर 43. पहिली दोन मिनिटं खरंच निवांत गेली. तिसऱ्या मिनिटाला मानेवरून घामाचा ओघळ निघाला. पाचव्या मिनिटाला आतल्या खोलीतून आबांचा आवाज आला, 'कुलर कसाले बंद शे रे?'

रोज अशा पाच-पाच मिनिटांच्या चोरट्या फेऱ्या. एरवी एवढं कान देऊन मी कधी काही ऐकलं नव्हतं, हेही खरं.

आणि त्या फेऱ्यांत माझ्या डब्याचं बिंग फुटलं. डग्गा वाजवणारा मनगट घासून सूर वर नेतो, खाली सोडतो, बोलतोच जवळजवळ. माझ्या डब्यात मात्र तो कुठेही गेला तरी एकाच जागी 'धुम्म' करत होता. डब्याला मागे जे भोक असतं, ते आणि आतली हवा मिळून एका ठरावीक सुराला जोर देतात. स्वस्तातल्या डब्यात तो जोर इतका, की बाकीचे सूर त्यात लपतात. शेवेचा डबा दर वेळी का किणकिणत होता, ते तेव्हा कळलं. त्यालाही तोच एक सूर येत होता.

गोळ्यांत खोल खर्ज नव्हताच. येणार कुठून? पन्नास हर्ट्झच्या एका लाटेची लांबी जवळपास सात मीटर, आणि सव्वादोन इंचाच्या पडद्याने हवा ढकलून ढकलून किती ढकलायची. पण जेवढं होतं तेवढं जागच्या जागी होतं. गाणाऱ्याने श्वास घेतलेला कळत होता. तोंड वर असल्याने आवाज टेबलावर न आपटता सरळ कानाशी येत होता. माझे दोन छोटे इतकी वर्षं माझ्या पोटाशी बोलत होते. त्यांच्याखाली मी जुनी दोन जाड पुस्तकं तिरकी लावली, दोघांमध्ये जेवढं अंतर तेवढंच दोघांपासून मी, असं खुर्चीचं माप घेतलं, खालचा डबा कोपऱ्यातून ओढून मोकळा केला. माझाही आवाज बराच सुधारला. हे काम फुकटातलं होतं, आणि दहा वर्षं मी ते केलं नव्हतं.

शेवटच्या फेरीला आबांना बसवलं. त्यांनी डोळे मिटून दोन्ही ऐकले. आम्ही दोघं घाम पुसत निकालाची वाट बघतोय. 'माले ते दोन्ही सारखाच लागतस,' ते म्हणाले, 'आते कुलर चालू कर.'

भाचा गोळे सॅकमध्ये टाकून पुण्याला गेला. जूनच्या शेवटी पाऊस लागला, कुलर पुसून, झाकून गच्चीवरच्या खोलीत गेला. त्या रात्री दार लावून मी निवांत ऐकायला बसलो. काही लावायच्या आधीच कुठूनतरी बारीक 'घूंऽऽ' ऐकू यायला लागलं. डब्यातूनच. लॅपटॉपच्या चार्जरची पिन काढली की गप्प, लावली की पुन्हा सुरू. दहा वर्षं असणार ते. उन्हाळ्यात कुलरखाली, बाकीच्या दिवसांत पंख्याखाली झाकलेलं.

मी पिन काढतोय, लावतोय, तेवढ्यात आबा दारात येऊन उभे राहिले.

'हाऊ आवाज कसाना शे रे?'