दागिने मोडण्याआधी एकदा चौकशी करा

आज शेजारच्या मावशींसोबत बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या सरकारी इस्पितळात, गेले होते. काकांच्या हृदयशस्त्रक्रियेसाठी खासगी इस्पितळाने सांगितलेला आकडा ऐकून मावशींनी बांगड्या मोडायची तयारी केली होती. मात्र त्यांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाखाली, दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या गोवा सरकारच्या आरोग्य विमा योजनेचे कार्ड तसेच पडून होते. २०१६ साली सुरू झालेल्या या योजनेत तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला २.५ लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला ४ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते, परंतु कार्डाचे नूतनीकरण झालेले असावे लागते आणि उपचार योजनेच्या यादीत बसावा लागतो, हे त्यांना कोणी समजावून सांगितलेच नव्हते. जो उपचार गोव्यातील सरकारी इस्पितळांत होत नाही, त्यासाठी आरोग्य संचालनालयाची वेगळी मेडिक्लेम योजना आहे. खर्चाचा अंदाज हातात देतानाच या दोन्ही योजनांची माहिती देणारे माणूस प्रत्येक इस्पितळात असायलाच हवे, असे मला मनापासून वाटते, कारण घाबरलेले कुटुंब आधी सावकाराकडे धावते. काकांचे कागद आता गोमेकॉतील डॉक्टरांनी पाहिले आहेत. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी उद्या मामलेदार कार्यालयात जायचे आहे.