अण्णा नारळ घेऊन आले होते

सकाळी साडेदहाच्या सुमारास गेटवरच्या पोराने हाक मारली, "हवालदार, तुमचे पाहुणे आलेत. हार-नारळ घेऊन." मला वाटलं, कुणाची तरी बदली झाली असेल. बाहेर येऊन बघतो तर अण्णा. इस्त्रीचा सदरा (त्यांच्या अंगावर इस्त्रीचा कपडा मी पहिल्यांदाच बघत होतो), हातात झेंडूचा हार, पिशवीत नारळ आणि उदबत्तीचा पुडा. बरोबर त्यांच्या संस्थेतला एक पोरगा, त्याला गाडी चालवता येते म्हणून मुद्दाम आणलेला.

"कुठाय आपली गाडी?" अण्णांनी विचारलं.

माझ्या पोटात गोळा आला. गाडी तुम्हाला देतो, असं त्यांना मीच म्हणालो होतो.

मी तेव्हा जिल्हा पोलिसांच्या मोटार परिवहन विभागात चालक हवालदार होतो. आम्ही त्याला एमटी म्हणतो. गाडी म्हणजे 2008 सालची टाटा सुमो. सुमंत मुळगावकरांच्या नावावरून हे नाव पडलं, हे मला एका वयस्कर मिस्त्रींनी सांगितलं होतं, तोवर मी ते जपानी पैलवानांचंच समजत होतो. पहिल्या सर्व्हिसिंगपासून ती माझ्याकडे. आषाढीचा पंढरपूर बंदोबस्त, गणपती, 2009, 2014 आणि 2019 च्या निवडणुका, लॉकडाऊनमधली नाकाबंदी, सगळं तिने काढलं. दर खंडेनवमीला तिला हार मीच घालायचो. बायको म्हणायची, "सवतीचं कौतुक झालं असेल तर जेवायला या."

अण्णांची ओळख याच गाडीमुळे झाली. रस्त्यावर बेवारस फिरणारा मनोरुग्ण दिसला, त्याला स्वतःचं भान नसलं, तर त्याला ताब्यात नव्हे, संरक्षणात घ्यायचं, ही 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 100 नुसार पोलिसांची जबाबदारी आहे. 24 तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं, आणि लॉकअपमध्ये ठेवायचं नाही म्हणजे नाही. कागदावर हे दोन ओळींत बसतं. प्रत्यक्षात आधी स्टेशन डायरीला नोंद, मग सिव्हिल, तिथून गरज पडली तर येरवड्याचं मनोरुग्णालय, आणि बरा झाल्यावर ज्याला स्वतःचं गावच आठवत नाही त्याला न्यायचं कुठे, हा प्रश्न उरतोच. आमच्या भागात त्याचं उत्तर अण्णा होते, अशा बेवारस माणसांना सांभाळणारी संस्था ते चालवायचे.

एका पावसाळी रात्री एसटी स्टँडच्या शेडखालचा एक माणूस आम्ही सिव्हिलमध्ये दाखवून, कागदपत्रं करून अण्णांकडे नेला. हातात प्लॅस्टिकच्या बाटल्यांचं पोतं. गाडी अण्णांच्या दारात लागली, पण गडी खाली उतरेना. हात लावला की ओरडायचा. शिपाई वैतागला. अण्णा धोतर सावरत मागच्या सीटवर चढले आणि त्याच्या शेजारी नुसते बसले. दीड तास! मी पुढे वायरलेसचा आवाज बारीक करून बसलेलो. शेवटी त्या माणसाने पोत्यातली एक बाटली काढून अण्णांना दिली आणि स्वतःहून उतरला.

खाली उतरल्यावर अण्णा म्हणाले, "गाडी गुणाची आहे हो तुमची. माणूस हिच्यात बसून शांत होतो." संस्थेकडे गाडी नव्हती. महिन्याच्या औषधांसाठी दहा-बारा जणांना सिव्हिलला न्यायचं तर रिक्षावाल्यांच्या विनवण्या. मी भरात म्हणून गेलो, "अण्णा, ही रिटायर झाली की तुम्हालाच देऊ."

देऊ म्हणणारा मी कोण? लॉगबुकावर रोज सही करतो म्हणून गाडी माझी होत नाही, हे कळायला मला पंधरा वर्षं लागली.

आमच्याकडे गाडी 'कंडम' होते. सरकारी कागदावर त्याला निर्लेखन म्हणतात. समिती बसते, आरटीओचे निरीक्षक गाडी तपासून किंमत ठरवतात, मग लिलाव. पूर्वी हा लिलाव एमटीच्या मैदानातच व्हायचा. भंगारवाले यायचे तसे शेतकरीही यायचे, आणि आमची एखादी जुनी जीप पुढे बाजार समितीत कांदा वाहताना दिसायची. नव्या रंगाखालून 'पोलीस' ही अक्षरं अंधुक दिसत राहायची. तेव्हासुद्धा दान नव्हतंच, ज्याची बोली जास्त त्याची गाडी. तरी अण्णांना निदान बोली लावता आली असती.

ते दारही 2023 मध्ये बंद झालं. केंद्राची जानेवारीत अधिसूचना निघाली आणि 1 एप्रिलपासून पंधरा वर्षं झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणीच संपली. अशी गाडी रस्त्यावर येणार नाही, ती नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच मोडायची. ई-लिलावात बोली लावायची तीही अशा केंद्रांनीच. सूट होती ती संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेसाठीच्या चिलखती किंवा तशाच खास गाड्यांना. आमच्या सुमोचा मागचा दरवाजा सुतळीने बांधलेला होता, तेव्हा चिलखताचा विषयच नव्हता.

हे सगळं मला दोन महिने आधीपासून माहीत होतं. अण्णांना सांगायचं मी आज-उद्यावर ढकललं. त्या दिवशी स्क्रॅपिंगवाल्यांची क्रेन येणार होती, आणि कुणीतरी अण्णांना एवढंच कळवलं होतं की गाडी आज सुटणार.

मी त्यांना एमटीओ साहेबांकडे, म्हणजे आमच्या विभागाच्या अधिकाऱ्यांकडे नेलं. साहेबांनी चहा मागवला, सगळं समजावून सांगितलं. अण्णा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "भंगारवाल्याला देताय, मग मला का नाही?"

"त्याला देत नाही अण्णा, विकतोय. पैसे चलनाने कोषागारात जातात. मी तुम्हाला एक टायर जरी दिला तरी उद्या माझीच चौकशी लागेल."

"मग निदान मागची सीट द्या. बाक करीन."

साहेबांनी यादी पुढे सरकवली. स्टेपनी एक, जॅक एक, बॅटरी एक, सीटा इतक्या. अण्णांनी ती चष्मा लावून वाचली आणि परत दिली. मला त्या क्षणी नियम लिहिणाऱ्याचा मनापासून राग आला.

बाहेर आलो तर मिस्त्री हात पुसत उभे. त्यांनी आमचं बोलणं ऐकलं असावं. म्हणाले, "अण्णा, जरा खड्ड्यात उतरता का?" गाडी खालून तपासायच्या खड्ड्यावरच सुमो उभी होती. अण्णा इस्त्रीच्या सदऱ्यासकट खाली उतरले, मागोमाग मी. मिस्त्रींनी बॅटरीचा झोत मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांपाशी टाकला आणि पेचकस चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, टेकवून जरासा दाबला. पापडातून जावा तसा तो आरपार गेला. त्यांनी दुसऱ्या जागी दाबला. तिथेही तेच.

"हिच्यात तुम्ही बारा माणसं बसवणार होता," मिस्त्री म्हणाले.

मी गप्प. गंज आहे हे मला माहीत होतं. वळणावर मागून येणारा 'कट-कट' आवाज मी वर्षभर ऐकत होतो आणि लॉगबुकात 'किरकोळ' लिहीत होतो. नियम आडवा आला नसता तर मी ही गाडी अण्णांना दिली असती. रंग मारून, हार घालून, फोटो काढून. वर इन्शुरन्स, डिझेल, न मिळणारे स्पेअर हे सगळं त्यांच्या गळ्यात. सुमो कंपनीने 2019 मध्येच बंद केलेली. घरातली मोडकी खाट आश्रमाला देऊन पुण्य मिळवणारे लोक मी पाहिले होते, त्यांना नावंही ठेवली होती.

अण्णांना पुढे वर्षभराने गाडी मिळाली ती एका डॉक्टरांची जुनी ओम्नी. खाजगी मालक, त्यामुळे मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, इन्शुरन्स नावावर, विषय संपला. मिस्त्री आणि मी एका रविवारी जाऊन तिचे ब्रेक केले. पाने-पेचकस मिस्त्रींच्या घरचे, हे मुद्दाम सांगतो, नाहीतर कुणीतरी विचारेल.

तर त्या दिवशी. वायरलेस सेट आणि वरचा दिवा आधीच उतरवलेले होते. 'पोलीस' ही अक्षरं ब्लेडने मी खरवडली, ते काम दुसऱ्या कुणाला देववेना. तीनला क्रेन आली. स्क्रॅपिंगवाल्यांचा पोरगा टॅबवर काहीतरी भरत होता. मोडण्याआधी गाडी चोरीच्या नोंदीत नाही ना, हे त्यांना बघावं लागतं. पोलिसांच्याच दारात, पोलिसांचीच गाडी! "नाही निघाली," तो म्हणाला, तेव्हा आम्ही सगळेच हसलो. त्याने सांगितलं, चासी नंबरचा तुकडा कापून सहा महिने जपून ठेवायचा असतो. मी उगाचच विचारलं, "मग नंतर?" त्याला माहीत नव्हतं.

अण्णा अजून गेले नव्हते. झाडाखाली बसून होते. क्रेनचा हूक लागायच्या आधी ते उठले, सुमोसमोर आले, बोनेटवर हार ठेवला आणि पुढच्या चाकापाशी नारळ फोडला. खोबऱ्याचा पहिला तुकडा क्रेनवाल्याला दिला, दुसरा मला.

पोरगा यादी वाचत गाडीभोवती फिरत होता. बॅटरी एक, स्टेपनी एक, जॅक एक. बोनेटपाशी येऊन थांबला.

"साहेब, हा हार?"

एमटीओ साहेबांनी यादीकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं.

"तो सरकारी नाही," ते म्हणाले. "राहू दे."