जीव घाबरा होणे आणि जिवाला घोर लागणे

दोन वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले, तेव्हा डॉक्टरबाईंनी मला घरच्या ताणाबद्दल किंवा नोकरीबद्दल काहीही विचारण्याआधी एकच प्रश्न विचारला: "सुरू झाल्यापासून अगदी असह्य होईपर्यंत किती वेळ गेला?" मी सांगितले, की घाटकोपर सोडले तेव्हा मी ठीक होते आणि विक्रोळी मागे पडली तेव्हा आपण आता मरतो आहोत अशी माझी खात्री झाली होती. जलद लोकलला एवढे अंतर कापायला जेमतेम चार-पाच मिनिटे लागतात. बाईंनी ते जसेच्या तसे लिहून घेतले आणि म्हणाल्या, "मग हा पॅनिक अटॅक. तुम्हाला आतापर्यंत कुणी काय सांगितलं होतं?"

मला सांगितले गेले होते ते 'अँग्झायटी अटॅक'. त्या संध्याकाळी महिलांच्या डब्यात मी चौथ्या सीटवर टेकले होते, हातात उद्याच्या भाजीची पिशवी होती आणि मनात काही म्हणजे काही नव्हते. अचानक छातीत धडधडू लागले, दरदरून घाम फुटला, ओठांभोवती मुंग्या आल्या आणि दोन्ही हातांची बोटे आपोआप आत वळू लागली. समोरच्या बाईचा चेहरा काचेपलीकडे असल्यासारखा दिसत होता. ठाण्याला दोघींनी मला धरून उतरवले. जवळच्या रुग्णालयात ईसीजी आणि रक्ताची तपासणी झाली, दोन्ही व्यवस्थित निघाले आणि तिथल्या तरुण डॉक्टरांनी मला निरोप देताना म्हटले, "काही नाही, अँग्झायटी अटॅक आहे, टेन्शन घेऊ नका."

तपासणी त्यांनी योग्य केली होती, याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु त्या एका शब्दामुळे पुढचे तीन महिने मी भलत्याच ठिकाणी शोध घेत राहिले. टेन्शन घेऊ नका म्हटल्यावर आपल्याला कसले तरी टेन्शन असणारच असे गृहीत धरून मी रोज रात्री स्वतःची उलटतपासणी करू लागले. कर्ज, मुलाची दहावी, सासूबाईंचे गुडघे, सगळे चाचपून पाहिले आणि त्यांपैकी कशाचाही त्या चार मिनिटांशी संबंध जुळेना. दरम्यान मी जलद गाडी सोडून धीमी गाडी पकडू लागले, कारण तिच्यात दर काही मिनिटांनी उतरण्याची सोय असते. मग दाराजवळच उभी राहू लागले. आणि शेवटी आठवड्यातून तीन दिवस घरूनच काम करण्याची परवानगी मागितली. आजार पसरत होता तो या वाटेने, आणि मी मात्र चिंता शोधत बसले होते.

'अँग्झायटी अटॅक' हा शब्द आपण सगळेच सर्रास वापरतो, पण अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या 'डीएसएम-५' या २०१३ सालच्या निदानग्रंथात त्या नावाचे कोणतेही निदान नाही. पॅनिक अटॅकची व्याख्या मात्र तिथे नेमकी आहे: तीव्र भीतीची किंवा अस्वस्थतेची अचानक आलेली लाट, जी काही मिनिटांतच शिगेला पोहोचते आणि जिच्यात १३ लक्षणांपैकी किमान ४ दिसतात. धडधड, घाम, थरथर, श्वास अपुरा पडणे, छातीत दुखणे, मळमळ, चक्कर, मुंग्या, आजूबाजूचे जग खोटे वाटणे, आपला ताबा सुटेल किंवा आपण मरू अशी भीती, ही त्यांतली काही. ही लाट बेसावध शांततेत येऊ शकते, अगदी झोपेतून दचकून उठवूही शकते, आणि आधीच काळजीत असलेल्या माणसालाही येऊ शकते. त्यामुळे अचानकचा झटका आणि सततची काळजी या दोहोंमध्ये पक्की भिंत नाही हे मान्यच करायला हवे.

ही विभागणीही फार जुनी नाही. सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९५ मध्ये 'अँग्झायटी न्यूरोसिस' असे जे नाव दिले, त्या एकाच गाठोड्यात अचानकचे झटके आणि कायमची काळजी ही दोन्ही अनेक दशके बांधलेली होती. १९६०च्या सुमारास न्यूयॉर्कच्या हिलसाइड रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ डोनाल्ड क्लाइन यांनी इमिप्रॅमिन हे औषध रुग्णांना देऊन पाहिले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले, की एरवी जीव घाबरून परिचारिकांच्या कक्षाकडे धावत येणारे रुग्ण आता धावत येत नाहीत, पण पुन्हा तसे होईल की काय ही धास्ती मात्र त्यांना अजून वाटते. म्हणजे झटका आणि धास्ती या दोन वेगळ्या गोष्टी असल्या पाहिजेत. १९८०च्या 'डीएसएम-३'मध्ये पॅनिक डिसऑर्डर (वारंवार येणारे झटके) आणि जनरलाइज्ड अँग्झायटी डिसऑर्डर (सततची काळजी) ही दोन स्वतंत्र निदाने आली. हे मी वाचले तेव्हा मला मनापासून बरे वाटले, कारण माझ्या लोकलमधल्या चार मिनिटांना आणि नंतरच्या तीन महिन्यांना अखेर दोन वेगवेगळी नावे मिळाली.

आपल्या बोलण्यात हा भेद मुळात आहेच. 'जीव घाबराघुबरा झाला' असे आपण म्हणतो ते एका क्षणाबद्दल, आणि 'जिवाला घोर लागला' असे म्हणतो ते दिवसेंदिवस चालणाऱ्या गोष्टीबद्दल. घोर कशाचा तरी असतो. माझ्या मोठ्या बहिणीला तो मुलाचा आहे. माझा भाचा पुण्याला वसतिगृहात राहतो. त्याने दुपारी फोन उचलला नाही, की ताईची मान आखडायला लागते, चार वाजता ती दात आवळून भाजी निवडत असते, सहाला तिचे डोके ठणकते आणि आठला तिला धाप लागल्यासारखे होते. यालाही ती 'अटॅक' म्हणते. पण हे चढायला सहा तास लागतात, आणि भाच्याचा फोन आला की ते पाच मिनिटांत ओसरते, मग रात्री दुसरी कसली तरी काळजी त्या जागी येऊन बसते. मला लोकलमध्ये कुणाचाही फोन आला असता तरी काही फरक पडला नसता, कारण मला भीती बाहेरच्या कशाचीच नव्हती. माझ्याच छातीतल्या ठोक्यांची होती. ताईचे वर्षभर असेच चालले आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ, बहुतेक दिवस आवरता न येणारी काळजी, आणि सोबत अस्वस्थता, थकवा, लक्ष न लागणे, चिडचिड, स्नायूंचा ताठरपणा, झोपमोड यांपैकी किमान तीन गोष्टी, असा जनरलाइज्ड अँग्झायटीचा निकष आहे आणि तो तिला तंतोतंत लागू पडतो.

ठोक्यांची भीती हाच मुद्दा डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये मांडला होता: शरीरातल्या एखाद्या साध्या बदलाचा माणूस भयंकर अर्थ लावतो, त्या अर्थाने घाबरतो, घाबरल्याने तो बदल वाढतो आणि चक्र फिरू लागते. डॉक्टरबाईंनी ज्या मानसशास्त्रज्ञ मुलीकडे मला पाठवले, तिने हे समजावून सांगण्याऐवजी करूनच दाखवले. "माझ्याबरोबर एक मिनिट भराभर श्वास घ्या," ती म्हणाली. चाळीस सेकंदांत ओठांभोवती त्याच मुंग्या आल्या आणि बोटे तशीच वळू लागली. जोरजोरात श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळे मुंग्या, गरगर आणि हाताची बोटे आखडणे हे सारे होते. त्यात हृदयाचा काही दोष नसतो. त्या खुर्चीत बसून मी आपल्या वळलेल्या बोटांकडे पाहत राहिले, ती हळूहळू सरळ झाली, आणि तीन महिन्यांत मला कोणी दिली नव्हती इतकी खात्री त्या बोटांनी दिली. पुढच्या भेटींत फिरत्या खुर्चीवर गरगरणे, बारीक नळीतून श्वास घेणे, जिने धावत चढणे असे सराव झाले; झटक्यातल्या संवेदना मुद्दाम आणायच्या आणि त्यांना संपू द्यायचे.

ताईसाठी हा सराव कामाचा नाही. तिला काळजीसाठी दिवसातली ठरावीक वेळ राखायला आणि स्नायू सैल करायला शिकवत आहेत. दोघींच्या गोळ्या मात्र एकाच गटातल्या आहेत, त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात. झोपेच्या आणि तात्काळ शांत करणाऱ्या गोळ्यांची सवय लागू शकते, म्हणून त्या स्वतःच्या मनाने घेत राहू नयेत. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपायही करू नये. त्रास हृदयाचा किंवा दम्याचा असला तर तो धोक्याचा ठरतो.

छातीत पहिल्यांदाच दुखले, दुखणे हाताकडे किंवा जबड्याकडे गेले, तर हे वाचून घरी थांबू नका. आधी रुग्णालयात जा. थायरॉइड वाढलेला असला किंवा हृदयाची लय बिघडलेली असली तरी असेच वाटू शकते आणि ते तपासणीशिवाय कळत नाही. हृदय ठीक निघाले, तर मात्र तिथे थांबू नका. किती मिनिटांत शिगेला गेले, आधी मनात काय होते, त्या वेळी भीती नेमकी कशाची वाटली, आणि नंतर आपण काय काय टाळू लागलो, या चार गोष्टी कागदावर लिहून न्या. जवळ कुणी तज्ज्ञ नसेल तर केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते आणि तिथे मराठीत बोलता येते.

मी आता पुन्हा संध्याकाळची जलद गाडीच पकडते. गेल्या फेब्रुवारीत एकदा विक्रोळीच्या आसपास धडधड सुरू झाली. मी घड्याळ पाहिले, श्वास ओढून घेण्याचा मोह आवरला आणि नाहूर मागे पडेपर्यंत ती उतरणीला लागली होती. घाटकोपरला गाडी थांबते तेव्हा उतरून जावेसे मला अजूनही वाटते. मी ठाण्यालाच उतरते.